मागे घे, अजून मागे

फुटबॉलची डर्बी, म्हणजे जुन्या वैऱ्याशी मॅच, हरल्यावर झोप येत नाही, आणि नुसतं जागं राहण्यात अर्थ नाही, म्हणून आम्ही विश्लेषण करतो. मॅच नव्वद मिनिटांची. विश्लेषण पुढच्या डर्बीपर्यंत चालतं. तळाच्या एखाद्या संघाकडून मार खाल्ला तर 'आज दिवसच खराब होता' म्हणून विषय मिटतो. समोर जुना वैरी असला की ते चालत नाही, कारण आपला दिवस खराब म्हटला की त्यांचा चांगला म्हणावा लागतो. आमच्या विश्लेषणाला अट एकच आहे. निष्कर्ष काहीही निघो, 'ते चांगले खेळले' हा निघता कामा नये.

पहिला मान रेफ्रीचा. शिट्टी वाजून पाच मिनिटं होत नाहीत तोच कुणाच्या तरी मोबाईलवर स्क्रीनशॉट तयार असतो. त्यांच्या गोलच्या वेळचं चित्र, त्यावर बोटाने ओढलेली लाल रेघ, आणि रेघेच्या पलीकडे त्यांच्या स्ट्रायकरचा गुडघा. ऑफसाइड! चोरी! ही रेघ ओढणारा माणूस भला असतो, पण त्याच्या चित्रात तीन घोळ असतात. ऑफसाइड, म्हणजे पास निघताना स्ट्रायकर डिफेन्सच्या रेषेपलीकडे असणं, मोजायचा तो पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागतो त्या क्षणी, आणि चित्र थांबवलेलं असतं त्याच्या थोडं पुढे. सेकंदाला 8 मीटर पळणारा स्ट्रायकर, सेकंदाला 25 चित्रांच्या व्हिडिओत एका चित्रातून दुसऱ्यात जाईपर्यंत 32 सेंटीमीटर सरकतो. आपला डिफेंडर त्याच वेळी उलट बाजूला पळत असेल तर फरक आणखी वाढतो. दुसरं, कॅमेरा मैदानाच्या मध्यरेषेजवळ उंचावर असतो, त्यामुळे गोलजवळच्या आडव्या रेषा पडद्यावर तिरक्या दिसतात आणि आमची रेघ मात्र पडद्याच्या कडेला समांतर. तिसरं, हात धरायचाच नसतो. डोकं, धड आणि पाय एवढंच मोजायचं. 2022 च्या वर्ल्ड कपला हेच काम करायला स्टेडियमच्या छताखाली 12 कॅमेरे लावले होते आणि चेंडूत सेकंदाला 500 नोंदी करणारा सेन्सर होता. आमच्याकडे अंगठा आहे.

रेफ्री पचला की कोच. 'बदली साठाव्या मिनिटाला करायला हवी होती' हे वाक्य कुठल्याही पराभवाला बसतं. बदली साठाव्याच मिनिटाला झाली असेल, तर 'एवढी घाई कशाला होती?' बदल्या पाच असल्या तरी त्या करायला संधी तीनच मिळतात, हाफटाइम सोडून; म्हणून शहाणा कोच दोन-दोन माणसं एकदम बदलतो आणि शेवटची संधी कुणी जायबंदी झालं तर म्हणून राखून ठेवतो. हे कळतं सगळ्यांना, पण रात्री साडेअकरा वाजता कोण ऐकतो?

मग रचना, म्हणजे डिफेन्सपासून पुढे कुठल्या ओळीत किती गडी. 4-3-3 का, 4-2-3-1 का नाही? दोन्हींत माणसं तीच, उभीही जवळपास तिथेच. चेंडू गेल्यावर मिडफिल्डमधला तिसरा गडी पुढे चढतो की मागे येतो, एवढ्यावर बराचसा फरक ठरतो. पण रचनेवर भांडायला आकडे बरे पडतात. या भांडणांचा बाप म्हणजे 1997 ची फेडरेशन कप सेमीफायनल. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, 1,31,000 माणूस, मोहन बागानचे कोच अमल दत्त आणि त्यांची गाजलेली डायमंड रचना. ईस्ट बंगाल 4-1 ने जिंकलं, भायचुंग भुतियाची हॅट्ट्रिक. त्या डायमंडचे पैलू लोक अजून मोजताहेत.

यानंतर कुणीतरी हळूच जर्सी काढतो. म्हणजे जर्सीचा विषय. 'ती तिसरी जर्सी घातली की आपण हरतोच.' याला हसू नका, मोठमोठी माणसं इथे आलेली आहेत. 1950 साली रिओच्या माराकानात ब्राझीलला वर्ल्ड कपसाठी उरुग्वेशी नुसती बरोबरी पुरेशी होती. हरले 2-1. कारण व्हिडिओशिवायही कळण्यासारखं होतं: पहिल्या गोलला उजव्या बाजूने धावत गेलेल्या उरुग्वेच्या गिगियाने चेंडू मध्ये टाकला होता, 79 व्या मिनिटाला तो पुन्हा तिथूनच आला, गोलकीपर बार्बोसाला वाटलं आताही मध्येच टाकेल, तो अर्धं पाऊल सरकला आणि गिगियाने जवळच्या खांबालगत चेंडू मारला. देशाने यातून दोन धडे घेतले. एक, दोष बार्बोसाचा. तो बिचाऱ्याला जन्मभर पुरला. दोन, पांढरी जर्सी अपशकुनी. ती गेली आणि पिवळी आली.

दुसरी केस 1996 ची. साउथॅम्प्टनमध्ये मँचेस्टर युनायटेड हाफटाइमला 3-0 ने मागे. युनायटेडचे कोच फर्ग्युसन साहेबांनी सगळ्यांच्या करड्या जर्सी उतरवून निळ्या-पांढऱ्या चढवायला लावल्या. कारण काय, तर गर्दीच्या पार्श्वभूमीवर करड्या रंगात खेळाडूंना एकमेक दिसत नव्हते. सामना 3-1 ने गेला. आमच्या हिशेबाने मात्र निळ्या जर्सीत ते 1-0 ने जिंकले. सीझनच्या शेवटी लीगही त्यांनीच जिंकली, म्हणजे मुद्दा सिद्ध झाला.

रात्री उशिरा आकडेवाला उठतो. 'पझेशन, म्हणजे चेंडू पायाशी असण्याचा वेळ, आपलं 62 टक्के, फटके आपले 20, त्यांचे 5. नैतिक विजय आपला.' आता हे 20 फटके एकेक करून बघा. डिफेन्स फोडता येईना, म्हणून पंचवीस मीटरवरून मारलेले. असा फटका शंभरात तीनेक वेळा आत जातो, म्हणजे एक्सजी, गोल होण्याची शक्यता, 0.03. वीस गुणिले 0.03, सगळे मिळून 0.6. त्यांच्या पाचांतले दोन मात्र गोलसमोर सहा-सात मीटरवरून, 0.4 चा एकेक. ते दोनच मिळून 0.8. पुढचं गणित आणखी जिव्हारी लागतं. आपल्या वीसांतून एकही आत न जाण्याची शक्यता 54 टक्के, आणि त्यांच्या त्या दोनांतून किमान एक आत जाण्याची 64. तेव्हा 'नशीब फुटकं' म्हणायचीही सोय राहत नाही. 2014 च्या वर्ल्ड कपला जर्मनीने ब्राझीलला 7-1 ने धुतलं तेव्हा पझेशन किंचित का होईना ब्राझीलचंच जास्त होतं, आणि फटकेही ब्राझीलचे 18, जर्मनीचे 14. नैतिक विजय मोजायचाच तर तो तिथपासून मोजावा.

खरं विश्लेषण एवढ्यानंतर सुरू होतं, निम्मे लोक घरी गेल्यावर. त्याला रिमोट लागतो आणि एकच आज्ञा: मागे घे.

चेंडू जाळ्यात. आरोपी सेंटरबॅक, म्हणजे मधला डिफेंडर, 'उभा राहून बघत होता बघा'. तीन सेकंद मागे घे. त्यांचा विंगर गोलरेषेपर्यंत पोचलाय आणि चेंडू उलटा, पेनल्टी स्पॉटकडे ओढतोय. आपले दोन्ही सेंटरबॅक त्या वेळी स्वतःच्याच गोलकडे तोंड करून पळताहेत. चेंडू पुढे, माणूस पाठीमागे. मानेला दोन्हीकडे बघता येत नाही. ती जागा राखायची असते होल्डिंग मिडफिल्डरने, म्हणजे डिफेन्सच्या पुढ्यात थांबणाऱ्या गड्याने. तो कुठाय? अजून तीन सेकंद मागे. तो टचलाइनला त्या विंगरच्या मागे पळतोय, कारण तिथे लेफ्टबॅक नाही. लेफ्टबॅक कुठाय? मागे घे. तो त्यांच्या पेनल्टी बॉक्सच्या कोपऱ्यावर, हात वर करून, पास मागतोय. आणखी मागे. आपल्या दहा नंबरने तिघांच्या मधून पास घुसवायला बघितला आणि चेंडू गेला. चेंडू जाणं हा गुन्हा नाही, सामन्यात शंभरदा जातो. तो गेला त्या क्षणी मागे किती जण होते ते मोजा. दोन. आणि त्यांचे पुढे उभे होते तेही दोन. आपण हल्ल्यावर असताना मागे जे उरतात त्याला रेस्ट डिफेन्स म्हणतात, आणि त्याचा साधा ठोकताळा असा की समोरचे जितके पुढे ठेवतील त्यापेक्षा आपला एक जास्त हवा. तो एक गडी कमी होता. गोल झाला तो इथे, जाळ्यात पोचायला त्याला बारा सेकंद लागली इतकंच. सेंटरबॅक सुटला. गोलकीपर सुटला. रेफ्री केव्हाच सुटला होता, पण त्याला ते सांगायचं नाही.

मग कुणीतरी विचारतो, तो तिसरा गडी पुढे गेलाच कशाला? मागे घे. पंधराव्या सेकंदाला आवाज जरा वाढवला की ऐकू येतं. स्कोअर 0-0, सत्तर मिनिटं झालेली, एक पॉइंट सुखाने हातात, आणि अख्खा स्टँड एका सुरात ओरडतोय: पुढे! पुढे! पुढे! त्यात आमचेही गळे आहेत, आणि दुसऱ्या दिवशी ते बसलेलेही आहेत.

इथे रिमोटवाला थांबतो. याच्या मागे घे असं कुणी म्हणत नाही.

चाहत्यांमुळे कुठे मॅच हरतात का, असं कुणी म्हणालंच, तर त्याला 17 ऑक्टोबर 2009 ची संडरलंडची मॅच आठवून द्यावी लागते. लिव्हरपूलच्याच एका समर्थकाने लिव्हरपूलचा लाल बीचबॉल मैदानात उडवला. पाचव्या मिनिटाला संडरलंडच्या डॅरेन बेंटचा फटका त्या फुग्यावर आपटून आत गेला. लिव्हरपूलचा गोलकीपर रेनासमोर दोन चेंडू आले आणि त्याने तिसरीकडे उडी मारली. सामना 1-0. तेव्हाचा नियम स्पष्ट होता: बाहेरची वस्तू चेंडूला लागली की खेळ थांबवायचा आणि ड्रॉप बॉल द्यायचा. गोल देता येत नव्हता. पण दिला.

म्हणजे फुगा आपल्या माणसाचा, फेकला आपल्या माणसाने, आणि तरीही चूक रेफ्रीचीच. रात्री दोन वाजता एवढं सापडलं की आम्ही दिवा मालवतो.