स्पर्धेला उशीर होत असेल, तर आधी झोपा

पोकरची मोठी स्पर्धा खेळण्यासाठी दूरचा प्रवास करणारा खेळाडू कित्येक महिने सराव करतो, जुने डाव पुन्हा पुन्हा तपासतो, बाय-इनची (प्रवेशशुल्काची) रक्कम जमवतो आणि प्रवासाची वेळ आली की सर्वांत स्वस्त तिकीट काढून मोकळा होतो. मग विमान रखडते, पुढचे विमान निघून जाते, सामान भलत्याच शहरात उतरते आणि हा गृहस्थ विमानतळावरून थेट टेबलावर येऊन बसतो. माझे ठाम मत आहे की त्या दिवशी त्याचे जे नुकसान होते, त्यात उशिराचा वाटा थोडा असतो आणि या धावपळीचा फार मोठा. खेळाडू आणि आयोजक, दोघांनीही याकडे अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही.

उशिराची भीती कितपत खरी आहे, हे आकडेमोड करूनच पाहावे. लास वेगासमधल्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा घ्या. बाय-इन १०,००० डॉलर, सुरुवातीला मिळणाऱ्या चिप्स ६०,००० आणि प्रत्येक लेव्हल, म्हणजे सक्तीच्या पैजा वाढण्यापूर्वीचा टप्पा, दोन तासांची. पहिल्या लेव्हलला १०० आणि २०० चे ब्लाइंड (पत्ते पाहण्याआधी दोघांनी आळीपाळीने भरायच्या सक्तीच्या पैजा; मोठी ती बिग ब्लाइंड) व बिग ब्लाइंड भरणाऱ्यानेच द्यायची २०० ची अँटी धरली, तर टेबलाची एक फेरी होईपर्यंत गैरहजर खेळाडूच्या चिप्समधून ५०० जातात. नऊ जणांच्या टेबलावर तासाला साधारण ३० डाव होतात असे मानले, तर तासाभरात तीनहून थोड्या अधिक फेऱ्या होतात. म्हणजे दोन तास खुर्ची रिकामी राहिली, तरी ३,००० ते ३,५०० चिप्स गेल्या. एकूण चिप्सच्या पाच-सहा टक्के. एखादा मध्यम डाव हरल्यावरही याहून अधिक जातात आणि तेव्हा कोणी कपाळाला हात लावत नाही. शिवाय हा हिशेब आधी नोंदणी करून चिप्स टेबलावर मांडल्या गेल्या असतील तेव्हाचा. नोंदणीच उशिरा केली तर चिप्स पूर्ण मिळतात आणि या स्पर्धेची नोंदणी अलीकडच्या वर्षांत दुसऱ्या दिवसाचा खेळ सुरू झाल्यावरही काही काळ खुली राहिलेली आहे. या मालिकेत विक्रमी १७ ब्रेसलेट (विजेत्याला मिळणारी कडी) जिंकणारे फिल हेलम्युथ तर मुख्य स्पर्धेला तासन्‌तास उशिरा येण्यासाठीच ओळखले जातात. (२००७ मध्ये वाजतगाजत येण्याच्या बेतात त्यांची शर्यतीची मोटार स्पर्धेच्या ठिकाणी, रिओ हॉटेलच्या वाहनतळातच धडकली होती.)

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब पाहू. सलग १७ ते १९ तास जागे राहिलेल्या माणसाची एकाग्रता आणि प्रतिसादाचा वेग रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतका खालावतो, हे प्रयोगांत दिसलेले आहे. अनेक देशांत इतके मद्य घेतलेल्या माणसाला गाडी चालवू देत नाहीत. झोप मोडल्यावर माणूस तोट्याकडे कमी आणि संभाव्य लाभाकडे जास्त पाहू लागतो, हेही संशोधकांनी नोंदवलेले आहे आणि पोकरच्या टेबलावर याहून घातक अवस्था मला ठाऊक नाही. त्यात अनेक टाइम झोन ओलांडून, विशेषतः पूर्वेकडे प्रवास केलेला असेल, तर शरीराचे घड्याळ जुळायला काही दिवस लागतात. अशा अवस्थेत बसलेला खेळाडू पत्ते नीट वाचतो, शक्यताही बरोबर मोजतो. त्याचा धीर मात्र सुटलेला असतो.

एका स्पर्धेत माझ्या समोरच्या खुर्चीवर असाच एक खेळाडू येऊन बसला होता. त्याच्या बॅगेच्या मुठीला विमान कंपनीची लांब पट्टी अजून लटकत होती आणि ती त्याने पायाने खुर्चीखाली सरकवली. चिप्स मोजून रचण्याआधीच त्याने पहिला डाव खेळला. थोड्याच वेळात, एक्का-गुलाम हातात असताना, तीन जणांनी आधीच रेज केलेल्या (पैज वाढवलेल्या) डावात त्याने सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. समोरून राजांची जोडी निघाली. उठताना त्याने शेजाऱ्याला सांगितले की आदल्या रात्री तो विमानतळाच्या बाकावर बसून होता. आणखी चार तास झोपून तो आला असता, तर त्याच्या चिप्स थोड्या कमी झाल्या असत्या, पण तो स्पर्धेत राहिला असता. त्या माणसाला खेळ येत नव्हता असे मला मुळीच वाटले नाही आणि म्हणूनच तो प्रसंग मला अजून छळतो.

अर्थात प्रत्येक स्पर्धेला हे लागू होत नाही. वीस मिनिटांच्या लेव्हलच्या जलद स्पर्धेत दोन तासांत सहा लेव्हल उलटतात आणि पूर्ण चिप्स हातात पडल्या तरी त्या जेमतेम वीस बिग ब्लाइंडच्या उरलेल्या असू शकतात. तिथे उशीर झाल्यास पुढच्या स्पर्धेचा विचार करावा, हे उत्तम.

तिकिटाचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक फजितीचे मूळ तिथे असते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटे घेतली की थोडे पैसे वाचतात; पण पहिले विमान उशिरा उतरले आणि दुसरे निघून गेले, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही न आलेले प्रवासी ठरता आणि नवे तिकीट स्वतःच्या खिशातून काढावे लागते. एकाच तिकिटावर संपूर्ण प्रवास असेल, तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमानुसार, संघातल्या विमानतळावरून निघणारे विमान कंपनीच्या चुकीमुळे तीन तास किंवा अधिक उशिरा पोहोचले, तर अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरोंपर्यंत भरपाई मागता येते. मात्र ही रक्कम ठरीव असते. तुमची हजारो युरोंची स्पर्धा हुकली की नाही, याच्याशी तिचा काही संबंध नसतो. आणि नैसर्गिक आपत्ती असेल तर तीही मिळत नाही.

एप्रिल २०१० मध्ये हे साऱ्या जगाने पाहिले. आइसलँडमधल्या एयाफ्यातलायोकुत्ल ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपचे बरेचसे आकाश विमानांसाठी बंद झाले आणि नेमकी त्याच दिवसांत इटलीतल्या सान रेमोला युरोपियन पोकर टूरची स्पर्धा होती. ज्यांची विमाने रद्द झाली त्यांच्यापुढे रेल्वे आणि रस्ता एवढेच मार्ग उरले. तरीही त्या स्पर्धेत हजाराहून अधिक खेळाडू बसले आणि ब्रिटनच्या लिव्ह बोरी यांनी ती जिंकून १२.५ लाख युरो मिळवले. वाट बंद झाली म्हणून स्पर्धा संपत नाही, हे यातून दिसते. पण हाताशी एक-दोन दिवस शिल्लक असलेल्यालाच असा आडमार्ग निवडता येतो. म्हणून मी आग्रहाने सांगतो की स्पर्धेच्या किमान दोन दिवस आधी त्या शहरात उतरा. हॉटेलच्या दोन रात्रींचा खर्च बाय-इनचाच भाग समजा.

रोख रकमेबद्दलही लोक फार बेफिकीर असतात. अमेरिकेत प्रवेश करताना किंवा तिथून निघताना १०,००० डॉलरपेक्षा अधिक रक्कम जवळ असल्यास ती जाहीर करावी लागते; युरोपीय संघाची बाहेरची सीमा ओलांडताना ही मर्यादा १०,००० युरो आहे. मुख्य स्पर्धेचा बाय-इनच १०,००० डॉलर असल्याने, त्यात खर्चाचे थोडे पैसे मिळवले की मर्यादा ओलांडलीच म्हणून समजा. जाहीर करण्यात अडचण काही नाही आणि त्यावर करही लागत नाही. लपवल्यास मात्र सगळी रक्कम जप्त होऊ शकते. शक्य असेल तिथे बाय-इन बँकेमार्फत आधीच पाठवावा. ओळखपत्र, औषधे, चष्मा आणि पहिल्या दिवसाचे कपडे हातातल्या बॅगेतच ठेवावेत. सामान उशिरा मिळाल्यास, ते हाती आल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते, असे १९९९ चा माँट्रियल करार सांगतो.

बहुतेक मोठ्या स्पर्धांचा पहिला दिवस अनेक गटांत विभागलेला असतो आणि गर्दी बहुधा शेवटच्या गटाला होते. प्रवास करून येणाऱ्याने शेवटचा गट कधीही धरू नये. आधीच्या गटात नाव असेल आणि विमान रद्द झाले, तर पुढचा गट हाताशी उरतो. शेवटच्याच गटात नाव असेल, तर मागे काहीच उरत नाही.

इथे आयोजकांची जबाबदारी सुरू होते. टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन या स्पर्धा-संचालकांच्या संघटनेच्या नियमांप्रमाणे पत्ते वाटून होताना जो खुर्चीपाशी नसेल त्याचा हात बाद होतो. हा नियम योग्यच आहे आणि तो सैल करा असे मी म्हणणार नाही. पण आगाऊ पैसे भरून अद्याप न आलेल्या खेळाडूच्या चिप्स कुठे पहिल्या डावापासून टेबलावर झिजू लागतात, तर कुठे तो येईपर्यंत बाजूला ठेवल्या जातात आणि यातले काय होणार हे पुष्कळदा तिथे पोहोचल्यावरच कळते. माझी मागणी साधी आहे. नोंदणीची मुदत संपेपर्यंत, न बसलेल्या खेळाडूच्या चिप्स खेळात आणू नयेत. रद्द झालेल्या विमानाचा पुरावा दाखवणाऱ्याला पुढच्या गटात विनाशुल्क जागा द्यावी किंवा संपूर्ण पैसे परत करावेत. आणि हा नियम माहितीपत्रकात बाय-इनच्या आकड्याशेजारीच छापावा, म्हणजे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वीच तो खेळाडूच्या नजरेस पडेल.