वायर हलवून पाहिलीस का?

"काय हो, बसली का ती वायर?" काल लिफ्टमध्ये हा प्रश्न चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारला. त्यांचा-माझा सात वर्षांतला संवाद 'तळमजला दाबता का' याच्या पुढे गेलेला नाही. म्हणजे नानांनी सोसायटीभर सांगितलंय.

सोमवारी ऑफिसात फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारावरची पहारेकरीण, मांडून दाखवायची होती, म्हणून रविवारी लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका संगणकात दुसरे संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) पीएफसेन्स नावाची फायरवॉल चढवली. तिच्यामागे एक व्हर्च्युअल विंडोज. विंडोजने फायरवॉलमधून बाहेर जाऊन यायचं, बस. पण सकाळपासून ती १६९.२५४ ने सुरू होणारा नेटवर्कवरचा पत्ता कवटाळून बसली होती. हा पत्ता कोणी देत नाही. पत्ता वाटणारं कोणी भेटलंच नाही, की विंडोज स्वतःच स्वतःला देऊन टाकते. लग्नात कोणी 'बसा' म्हणेना, तेव्हा आपणच पान ओढून बसावं, तसं.

अशा वेळी नाना टाकी धुण्याच्या नोटिशीवर सही घ्यायला आले. नानांची अख्खी नोकरी टेलिफोनच्या तारांवर गेली. सहीला अर्धं मिनिट लागतं. पण त्यांनी चपला काढल्या.

"काय अडलंय?"

"नेटवर्क अडॅप्टर चालत नाहीये."

"चार्जरचा? बदलून टाक. हल्लीचे टिकत नाहीत."

"तो नव्हे नाना. नेटवर्क कार्ड. म्हणजे खरं कार्ड नाही. या संगणकाच्या पोटात एक खोटा संगणक आहे, त्याचं खोटं कार्ड."

"खोटं कशाला घेतलंस?"

"घेतलं नाही, फुकट मिळतं."

"हां. मग बरोबर आहे."

चहा आला. नानांचा सिद्धांत असा, की जगातला प्रत्येक फॉल्ट जॉइंटमध्ये असतो. टेलिफोन, गुडघा, त्यांच्या धाकट्या भावाचा संसार, सगळ्याला हेच निदान. (भावाच्या संसारात जॉइंट नेमका कुठला, हे विचारायचं धाडस मी कधी केलं नाही.) पावसात खांबावर चढून, रिसीव्हर कानाला लावून जॉइंट शोधल्याची एक गोष्ट मला पाठ आहे. ती त्यांनी पुन्हा सांगितली. खांब यंदा उंच झाला होता.

"वायर हलवून पाहिलीस का?"

"नाना, वायरच नाहीये."

"मग जोडलंय कशाने?"

"सॉफ्टवेअरने."

"तेच म्हणतोय मी. सॉफ्टवेअरची वायर निघाली असेल."

मी हसलो. जरा जास्तच हसलो, कारण स्वयंपाकघरातून बायको डोकावून गेली. मग आपलं शिक्षण सिद्ध करायला सेटिंग उघडली. "हे बघा, हा अडॅप्टर दोन. दाखवा, कुठे आहे वायर?"

नानांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, स्क्रीनजवळ नाक नेलं आणि अक्षर अक्षर लावत वाचलं, "केबल... कनेक्टेड." समोरच्या चौकटीत टिक नव्हती.

आता यात माझी बाजू ऐकाच. फायरवॉलला दोन पाय. बाहेरचा वॅन, घरातला लॅन. कुठलं कार्ड कुठला पाय हे तिला कळेना, तर ती स्वतः ओळखून दाखवते. त्यासाठी आधी सगळ्या केबली काढा म्हणते, मग एकेक जोडायला लावते. खोट्या केबली काढायच्या म्हणजे या टिका काढायच्या. कार्डांचे मॅक पत्ते, म्हणजे प्रत्येक कार्डाचा ओळख-क्रमांक, पाहून ओळखावं म्हटलं, तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये सगळे ०८:००:२७ ने सुरू होतात. आख्ख्या वाड्याचं एकच आडनाव. ओळख पटवण्याच्या ऐन भरात सिलिंडरवाला आला. परत येऊन मी कंटाळून ईएम-शून्य, ईएम-एक अशी कार्डांची नावं हाताने टाकली आणि लॅनची टिक द्यायची राहिली. शिवाय मला सांगा, जिथे केबलच नाही तिथे केबल काढून ठेवायची सोय कोणाच्या डोक्यातून आली?

टिक दिली, विंडोजला पत्ता मिळाला, फायरवॉलचं पान उघडलं. नाना उठले. "जॉइंट," एवढंच म्हणाले आणि सही न घेता गेले.

खरा फॉल्ट त्यानंतर निघाला. पान उघडत होतं, इंटरनेट नव्हतं. घरचा राउटर १९२.१६८.१.१ आणि वॅन ब्रिज केलेला, म्हणजे थेट घरच्या नेटवर्कला जोडलेला, म्हणून त्यालाही राउटरकडून १९२.१६८.१ चाच पत्ता मिळालेला. आणि लॅनला मी निव्वळ सवयीने दिलेला पत्ताही १९२.१६८.१.१! बाहेर जायचं दार कुठलं, तर १९२.१६८.१.१. आणि तो कोण, तर मीच, असं फायरवॉल म्हणणार. दारात उभं राहून स्वतःलाच हाक मारत होती बिचारी. रात्री पावणेएकला लॅन १९२.१६८.५० या वेगळ्या सबनेटवर (पत्त्यांच्या गटावर) नेलं, विंडोजला नवा पत्ता घ्यायला लावला, तेव्हा पहिलं पान उघडलं. घरात सगळे झोपले होते.

हे कोणाला माहीत आहे? सोमवारी साहेबांनी स्क्रीन पाहिली, म्हणाले, "हं, चालतंय की." आमच्या धंद्यात चाललं तर कोणी केलं नाही आणि बंद पडलं तर तू केलंस. पगारवाढीच्या फॉर्ममध्ये सबनेटसाठी रकाना नसतो.

लिफ्टमध्ये मी वहिनींना म्हटलं, "वायर नव्हती हो, दोन्हीकडे एकच सबनेट..." तळमजला आला.

आज सकाळी नाना पुन्हा दारात. सही राहिली होती. सही झाल्यावर आत डोकावत म्हणाले, "आज काही अडलंय का?"

अडलं होतं. मी नाही म्हणालो.