बोटीचा गिअर लागेना म्हणून गिअरबॉक्स उतरवायला निघालाय? थांबा की जरा

गेल्या पंधरवड्यात हा मेसेज मला सात जणांनी पाठवला, त्यातले दोघं तर एकाच घरातले. कन्नडमधून पण फिरतोय, चुका जशाच्या तशा. वर हेडिंग "डिझेल बोटीचा गिअर लागत नसेल तर", खाली सहा उपाय, आणि शेवटी नदीकाठच्या प्रत्येक ग्रुपवर टाका म्हणून आग्रह. उपाय थोडक्यात असे: गिअर जड झाला तर रेस वाढवून लिव्हर जोरात मारा, स्लिप होत असेल तर ९० नंबरचं दाट ऑइल भरा, केबल घट्ट झाली की जळकं ऑइल ओता, बंद बोट ओढून नेताना गिअरमध्येच ठेवा म्हणजे शाफ्ट (पाण्यातला पंखा फिरवणारा दांडा) लॉक राहतो, रिव्हर्स नसला तरी नदीत काय अडत नाही, आणि एवढं करून पण नाही लागला तर गिअरबॉक्स गेला समजून उतरवा.

लिहिणारा ट्रकवरचा मिस्त्री असणार. त्याच्या लाइनीत हुशार असेल पण, पण आपल्या बोटीत ट्रकचं इंजिन बसवलं म्हणून मागचा गिअरबॉक्स ट्रकचा होत नाही ना. इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या डिझेलला जो मरीन गिअरबॉक्स लागतो त्यातले दातचक्र कायम एकमेकात गुंतलेलेच असतात, आपण लिव्हर पुढं-मागं करतो तेव्हा आत फक्त फॉरवर्डचा नाहीतर रिव्हर्सचा क्लच धरतो, बस्स. पायाखाली क्लच पेडल नाही. हायड्रॉलिक असेल तर तो क्लच दाबायला ऑइलचं प्रेशर लागतं आणि ते प्रेशर इंजिनावर फिरणाऱ्या पंपानं तयार होतं. एवढं डोक्यात राहिलं तर मेसेजमधलं निम्मं आपोआप गळून पडतं.

शेवटच्या उपायापासून सुरू करतो कारण पैसे त्यातच जातात. मागच्या मे महिन्यात जुगूळकडच्या एका मामांनी बोटीचा फॉरवर्ड लागेना म्हणून गिअरबॉक्स उतरवला, चार माणसं लावून ट्रॅक्टरवर घातला, शहरातल्या एका वर्कशॉपला दिला. वीस दिवसांनी नवीन क्लच प्लेटी घालून आला, बिल मोठं, बसवला, आणि फॉरवर्ड परत लागेना! मग मला बोलावलं. मी इंजिनखोलीचं झाकण काढलं आणि एकाला लिव्हर पुढं टाकायला सांगितलं तर केबलचं बाहेरचं कवच ज्या क्लॅम्पनं धरलेलं असतं तो क्लॅम्पच ढिला, आतली तार पुढं सरकायच्या ऐवजी अख्खी केबल मागं सरकत होती, गिअरबॉक्सवरचा आडवा लिव्हर अर्धाच जात होता. दोन स्क्रू. मामा तासभर माझ्याशी बोलले नाहीत, माझी काय चूक होती काय माहीत.

म्हणून पान्याला हात लावायच्या आधी हे करा. बोट दोन्ही बाजूनं नीट बांधा, इंजिन बंद. एक माणूस स्टिअरिंगपाशी लिव्हर न्यूट्रल, फॉरवर्ड, रिव्हर्स असा हळू टाकेल आणि दुसरा खाली गिअरबॉक्सवरच्या लिव्हरकडं बघेल. तो दोन्हीकडं शेवटपर्यंत जातोय का? अर्धवट जात असेल तर केबल गिअरबॉक्सच्या टोकाला सोडवा (स्प्लिट पिन पाण्यात पाडू नका, मी दोनदा पाडलीय) आणि तो लिव्हर हातानं हलवून बघा. हातानं मोकळा फिरत असेल, तिन्ही जागा हाताला कळत असतील तर लिव्हर अर्धवट जातोय याचा दोष गिअरबॉक्सला द्यायला काही आधारच उरला नाही, दोष त्याच्या आणि तुमच्या हाताच्या मधे कुठंतरी आहे. आणि बाहेरची केबल सोडून पण तो हलतच नसेल तर मग आतलं बघायचं. मग केबल जोडून, बोट बांधलेलीच ठेवून, इंजिन स्लोवर चालू करून शाफ्ट बघा, पण लुंगी, टॉवेल, शर्टाचं टोक शाफ्टच्या आसपास नको आणि हात तर अजिबात नको.

आता यातनं काय कळतं बघा. शाफ्ट व्यवस्थित फिरतोय पण बोट हलत नाही, तर पंख्याला केंदाळ नाहीतर जाळं गुंडाळलंय, किंवा पंखा शाफ्टवर धरणारी चावी तुटलीय, किंवा पंखाच पाण्यात गेलाय, हसू नका, होतं. लिव्हर पूर्ण जातोय, इंजिन रेस घेतंय पण शाफ्ट फिरतच नाही, तर आधी ऑइल, मग इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधली, झटके झेलणारी डँपर प्लेट. ती तुटायच्या आधी स्लोवर खडखड आवाज देते आणि आपण तो डिझेलचाच आवाज म्हणून सोडून देतो. गिअर टाकला की इंजिन धाडकन बंद पडतं, तर जवळजवळ नक्की पंख्याला नायलॉन दोरी आहे. न्यूट्रलला पण बोट पुढं सरकते, तर केबलची सेटिंग न्यूट्रलला मधे नाही, किंवा क्लच चिकटतोय.

केबलमध्ये जळकं ऑइल ओतायचं म्हणे. आपल्याकडं बोटी फेब्रुवारी-मार्चनंतर नदी आटली की काठावर पडून असतात, उन्हात, धुळीत, आणि जूनला एकदम आठवण येते, केबल जड होणारच. पण ही पुश-पुल केबल आतून प्लॅस्टिकचं लाइनर घालून कारखान्यातच वंगण भरून येते, वरनं ओतलेलं ऑइल धूळ धरून ठेवतं आणि दोन महिन्यात आधीपेक्षा घट्ट. बघायचं ते तिचा बाक. नेहमीच्या ३३सी नंबरच्या केबलला ८ इंचापेक्षा लहान रेडियसचा बाक चालत नाही, आणि आपले लोक डिझेल टाकीच्या कोपऱ्यातनं काटकोनात वळवतात. कवचाला चीर पडली असेल, टोकाची तार गंजली असेल तर नवीन घाला. लांबी मोजूनच आणा, फुटभर जास्त आणली की तो जास्तीचा भाग परत कुठंतरी वेटोळं होऊन बसतो.

९० नंबरच्या ऑइलचा उपाय मात्र खरोखर गिअरबॉक्स मारणारा आहे. ट्रकच्या गिअरबॉक्सला, डिफरन्शियलला दाट ऑइल चालतं कारण तिथं नुसते दात आहेत. इथं क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, पंपाला ते ओढायचं असतं, ऑइल थंड करणाऱ्या कुलरमधनं फिरवायचं असतं. कुणाला एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल) लागतं, कुणाला एसएई ३० किंवा ४० चं इंजिन ऑइल, ते गिअरबॉक्सच्या प्लेटवर नाहीतर मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं आणि दोन्ही मिसळायचं नाही. दाट भरलं की थंडीत क्लच सुटतच नाही, न्यूट्रलला शाफ्ट फिरत राहतो, आणि स्लिप जिथं होती तिथंच. स्लिप होते ती लिव्हर अर्धवट गेल्यानं, ऑइल कमी असल्यानं, प्रेशर नसल्यानं नाहीतर प्लेटी झिजल्यानं, यातलं दाट ऑइलनं काय सुधारणार? डिपस्टिक बघताना अजून एक, काही मेकमध्ये ती आट्यात फिरवून न बसवता नुसती टेकवून मोजायची असते, फिरवून मोजली तर लेव्हल चुकीची दिसते आणि माणूस ऑइल कमी भरतो. आणि ऑइल चहासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी शिरलंय, बहुतेक कुलर गळून, टॉप-अप करून चालवत बसू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुरात बुडालेल्या बोटी वर काढून तशाच चालू करणारे मी बघितलेत.

रेस वाढवून लिव्हर मारणं यावर फार लिहीत नाही. स्लोवर आणा, न्यूट्रलला क्षणभर थांबा, मग ठामपणे पूर्ण टाका. ठामपणे म्हणजे दणका नाही, पण भीत भीत अर्धा टाकून पण ठेवायचा नाही, अर्ध्यात ठेवलेला क्लच घासतच राहतो. गिअर आणि रेस एकाच लिव्हरवर असलेल्या कंट्रोलला बटण असतं ना, ते दाबून न्यूट्रलमध्येच रेस देता येते, इंजिन गरम करायला ते वापरा. आणि इंजिनाचा स्लोच जास्त सेट केला असेल तर प्रत्येक गिअरला दणका बसणारच, आधी तो कमी करा.

गिअरमध्ये ठेवून ओढायचं. हे वाचून मी खरंच फोन बाजूला ठेवला. बंद गाडी उतारावर गिअरमध्ये ठेवतो तसं त्याला वाटलं असणार. हायड्रॉलिकमध्ये इंजिन बंद म्हणजे पंप बंद, प्रेशर नाही, लिव्हर फॉरवर्डला असो की रिव्हर्सला, शाफ्ट फिरतोच. वर ऑइल फिरत नाही म्हणून आतले बेअरिंग कोरडे. थोडं अंतर असेल तर काही मेक सांगतात चालेल, लांब न्यायची असेल तर शाफ्ट बाहेरनं बांधून टाका, शाफ्ट गिअरबॉक्सला जोडणाऱ्या कपलिंगच्या बोल्टमधनं लाकडी दांडा घालून दोरानं आवळला तरी होतं. पण परत चालू करायच्या आधी तो काढायचा, हे ज्यानं बांधलं त्यानंच इंजिनाच्या चावीला चिठ्ठी लावून ठेवावं.

आणि रिव्हर्स. पाण्यात ब्रेक नसतो गा, रिव्हर्स हाच ब्रेक. कृष्णेवरचा कल्लोळ-यडूरचा बंधारा पाण्याखाली गेल्यावर त्याच्या वरच्या अंगाला प्रवाह बोटीला कसा ओढतो हे ज्यानं बघितलंय तो असलं लिहिणार नाही. फॉरवर्ड लागतो आणि रिव्हर्स लागत नाही याचं कारण पण बऱ्याचदा केबलच असते, पुढच्या बाजूला जास्त आणि मागच्या बाजूला कमी चाल मिळते, टोकाचा जॉइंट चार-पाच आटे फिरवला की होतं. माणसं बसवायच्या आधी काठावरच्या झाडाला बोटीचं नाक जाड दोरानं बांधा, लिव्हर रिव्हर्सला टाका, थोडी रेस द्या आणि मिनिटभर दोर बघा. दोर ताणला नाही तर त्या दिवशी बोट सोडू नका, कितीही लोक काठावर थांबलेले असू देत.