पाणी टाकू का, मॅडम?

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसले. लांबणार आहे, आधीच सांगते.

माझी भाची ऐरोलीला सिव्हिल शिकते, दुसऱ्या वर्षाला. त्यांच्या वर्गाने कॉलेजच्या आवारात गेटपासून लायब्ररीपर्यंतचा फुटपाथ स्वतःच बांधायला घेतलाय, काँक्रीटचा. आज माल टाकायचा होता, म्हणून मुद्दाम बघायला गेले. पोरंपोरी गमबूट, हातमोजे घालून उभी. दोरी बांधलेली, फळ्यांना आतून तेल लावलेलं, खालची खडी धुम्मस मारून बसवलेली. मी तासभर तिथून हलले नाही.

घरी आले तर वहिनीने पालकांच्या ग्रुपवरचा मेसेज पाठवलेला : 'एवढी फी भरतो ती पोरांना बिगारी बनवायला का?' त्याखाली अंगठ्यांची रांग.

बिगारी हा शब्द शिवीसारखा वापरलाय ना, तिथेच माझं डोकं सटकलं. ज्या इमारतीत बसून हे टाईप केलं, तिचा प्रत्येक स्लॅब कुणीतरी घमेल्याने वर चढवलाय!

१९९६ साली मी घणसोलीला साईटवर लागले. डिग्री हातात, मार्क चांगले. पार्किंगचे खांब भरायचे होते. मे महिना, माल पटकन घट्ट व्हायला लागला. मुकादमाने विचारलं, "मॅडम, माल आळतोय. पाणी टाकू का?" परीक्षेत मी पाणी-सिमेंटच्या प्रमाणावर पानभर लिहिलेलं होतं. पण समोरच्या पाट्यावरचा माल कसा दिसायला हवा, हे मला कुणी कधी दाखवलंच नव्हतं. मी मानेनेच हो म्हटलं. गोणीला २५-२६ लिटर पाणी पुरतं, तिथे वर एकेक बादली गेली. सात दिवसांचे क्यूब, म्हणजे त्याच मालाचे दाबून तपासायचे ठोकळे, वाईट आले. चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसायला हवा ते काँक्रीट २८ दिवसांनी १४ ला फुटलं. चार खांब फोडावे लागले.

म्हणून आज एका मुलाने मालात ओतायला पाण्याचा मग उचलला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. लॅबमधल्या दादांनी त्याचा हात धरला. ओरडले नाहीत. स्लंपचा कोन, म्हणजे माल किती बसतो ते बघायचं शंकूसारखं भांडं, परत आणला, त्याच्याकडूनच भरून घेतला, प्रत्येक थराला सळईचे २५ ठोसे मोजून मारायला लावले आणि कोन उचलायला सांगितला. माल जेमतेम दोन-तीन इंच बसला. "हा एवढाच बसायला हवा. आता फावड्याने ओढून बघ." पोराने ओढला. जड होता, पण हलला. ते पोर आता जन्मात विसरणार नाही. मला हे कळायला चार खांब लागले.

आणि काय काय शिकली पोरं या एवढ्याशा वाटेत! आपल्याकडचा पाऊस माहीतच आहे, म्हणून आडवा ढाळ मीटरला दोन सेंटिमीटर. टोकाला व्हीलचेअरसाठी उतार, एकास बारा. रुंदी १.८ मीटर, म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोरून जातील. जाडी १०० मिलिमीटर, म्हणून दर अडीच मीटरवर सांधा, जाडीच्या पावपट खोल. काँक्रीट आकसतं, त्याला तडकायची जागा आपण नेमून दिली नाही तर ते स्वतःच्या मर्जीने तडकतं. वर सुटलेलं पाणी जिरायच्या आत रंधा, म्हणजे गवंड्याची घोटायची फळी, मारायचा नाही, नाहीतर पुढे पापुद्रे सुटतात. त्या पाण्यावर कोरडं सिमेंट भुरभुरायचं नाही. शेवटी ओला झाडू एकदाच ओढायचा, म्हणजे पावसात कुणी घसरणार नाही. मग बाहेर येऊन आपल्या गल्लीतला फुटपाथ बघा. पेव्हर ब्लॉक वर-खाली, मधे झाकण नसलेला चेंबर. माझी आई ७८ वर्षांची आहे, ती रस्त्याच्या कडेने चालते, कारण तिला फुटपाथची भीती वाटते. तो फुटपाथही कुठल्यातरी इंजिनिअरने सही करून पास केलाय. त्याने आयुष्यात एकदा तरी रंधा हातात धरला असेल का?

हो, ओलं सिमेंट कातडी जाळतं, हातमोजे-गमबूट हवेतच. आणि कॉलेजने उद्या पोरांकडून फुकटात अख्खं कंपाउंड बांधून घ्यायला सुरुवात केली तर मीच पहिली भांडायला जाईन. मान्य. पण मेसेजमध्ये ती काळजी कुठे होती? तिथे लाज होती. हाताला माल लागल्याची लाज.

अहो, कर्मवीर भाऊरावांच्या महाराष्ट्रात राहतो आपण. १९१९ साली रयत काढली त्यांनी. माझे वडील रयतच्या वसतिगृहात राहून, 'कमवा आणि शिका' मधून शिकले. शेतात राबून मग वर्गात बसायचे. त्यांच्या हाताचे घट्टे आम्ही लहानपणी बोट फिरवून बघायचो. आणि आता त्यांच्याच नातीने अर्धा दिवस घमेलं उचललं तर घराण्याची अब्रू जाते?

एक गोष्ट मी आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही. ते चार खांब फोडले, त्याचे पैसे मुकादमाच्या बिलातून कापले. पाणी टाकायला हो मी म्हटलं होतं. माझ्या पगारातून एक रुपया गेला नाही. त्याच्या टोळीत बारा माणसं होती, विजापूरकडची, बायकापोरं साईटवरच पत्र्याच्या खोल्यांत. मी तेव्हा गप्प बसले. नोकरी नवी होती, साईटवर एकटी बाई होते, ही कारणं खरी आहेत, पण गप्प बसले हेही खरं आहे. त्यानंतर त्यांच्यातल्याच म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला बोलावलं. वाटलं आता ऐकवतील. त्यांनी माझ्या हातात माल दिला आणि म्हणाले, "ताई, मूठ दाबून बघा. सुटतोय का? पाणी गळतंय का? आता डोळे मिटून बघा." पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी हेच. माझं सगळं करिअर त्या मुठीवर उभं आहे.

त्यांचं ऋण कसं फेडायचं ते मला कळलेलं नाही. आज ती पोरं दुपारी लॅबमधल्या दादांच्या आणि मदतीला आलेल्या दोन गवंड्यांच्या शेजारी, त्याच कट्ट्यावर डबा खात बसली होती. एक मुलगी गवंड्याला विचारत होती, कोपऱ्यात गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं हत्यार, कसा लावायचा. तो भाकरी बाजूला ठेवून दाखवत होता. मला रडू आलं.

आत्ता लिहितानाच भाचीचा फोन आला. आवाज थकलेला, पण खूश. "आत्या, गोणपाटं टाकली. पीपीसी सिमेंट आहे ना, सावकाश ताकद धरतं, सर म्हणाले निदान १० दिवस ओलं ठेवायचं. वहीत पाळ्या लावल्यात. उद्या सकाळची माझी आहे, बाबा म्हणतायत रविवारी झोप. तू सोडशील का सहाला?"

साडेपाचचा गजर लावलाय.