बटर, मार्जरीन आणि नंद्याची जीभ

हॉटेलात बटर म्हणून मार्जरीन, म्हणजे तेलापासून केलेलं बटरसारखं स्वस्त प्रकरण, फासतात असा एक व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिला होता, त्यामुळे नंद्या कट्ट्यावर टेकायच्या आधीच सुरू. "मार्जरीन म्हणजे प्लास्टिक रे! एका रेणूचा फरक फक्त!"

"कुठला रेणू?" वैजूनं विचारलं.

"...फॉरवर्ड आलं होतं."

"तुझ्याकडे फॉरवर्ड येतात, उसने पैसे मात्र रिटर्न जात नाहीत," मन्या बोलला. त्याची जुनी जखम, संधी मिळाली की उघडतो.

वैजू केक करून विकते, त्यामुळे यातलं तिला कळतं. ती म्हणाली, बारीक व्हायला मार्जरीन खात असशील तर सोड, बटरमध्ये 80 टक्के फॅट आणि नेहमीच्या मार्जरीनमध्येही तेवढंच, बाकी बहुतेक पाणी. भानगड होती ती तेल घट्ट करायला हायड्रोजन अर्धवट सोडायचे त्याची, त्यातून ट्रान्स फॅट, म्हणजे हृदयाला घातक चरबी व्हायची. डब्ल्यूएचओनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेनं, 2018 मध्ये ती हद्दपार करा म्हणून सांगितलं, बऱ्याच देशांनी बंदी घातली. आता पाकिटावर 'पार्शली हायड्रोजिनेटेड', म्हणजे तेच अर्धवट हायड्रोजनवालं, आहे का बघायचं, नसेल तर उगाच बोंबलायचं नाही.

"पण पूर्वज बटरच खायचे!"

"पूर्वज नांगरही धरायचे. तू रिमोट धरतोस."

मग सँडीनं इतिहास काढला, त्याला कोणी विचारावं लागत नाही. 1869, फ्रान्स, सैन्याला आणि गरिबांना स्वस्त बटर हवं म्हणून तिसऱ्या नेपोलियननं बक्षीस लावलं आणि मेज-मूरिएस नावाच्या रसायनतज्ज्ञानं गाईच्या चरबीतून हे बनवलं. पुढे अमेरिकेत डेअरीवाले एवढे पेटले की काही राज्यांत मार्जरीन गुलाबी रंगवूनच विकायचा कायदा आला!

"बरोबरच आहे," नंद्या खूश. "पिवळा रंग बटरचा!"

"थंडीत बटर पांढरट पडायचं, त्यालाही वरून रंगच घालायचे की," वैजू. "आणि ऐक, मार्जरीन विकायला माझी ना नाही. बटरचे पैसे घेऊन मार्जरीन फासायचं, ही चोरी. त्या व्हिडिओतला राग तेवढाच खरा."

इथं थांबला असता तर नंद्या कसला. "मला जिभेवर कळतं! परवाचा तुझा केक, अस्सल बटर, पैजेवर सांगतो."

"त्यात बटर नव्हतं."

नंद्याचा चेहरा पडला. "म्हणजे... मार्जरीन?"

"तेही नाही. तेल. साधं सूर्यफुलाचं."

"पैज हरलास, आता माझे जुने आणि हे, एकदमच दे," मन्यानं हात पुढे केला आणि नंद्या फोन कानाला लावून, आलोच हं, म्हणत उठला. स्क्रीन काळीच होती.