पाण्यातली म्हैस

‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’ ही म्हण ज्यानं केली, त्यानं नक्की लांबच्या माणसाकडून वापरलेला ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, घेतला असणार. म्हशीची निदान शिंगं तरी दिसतात. माझ्यापुढे होते ४१ फोटो.

त्यातले ९ ट्रेलरच्या खिडकीतून दिसणाऱ्या सूर्यास्ताचे. सूर्यास्त उत्तम स्थितीत होता. पडदे होते, गादी होती, गादीवर एक निळा प्लॅस्टिकचा टब होता. नव्हता तो पलंगावरच्या छताचा कोपरा. ट्रेलरला इंजिन नसतं, म्हणून बिघडायलाही काही नसतं असं आपल्याला वाटतं. पण त्याला पाणी खातं. छताच्या सांध्यातलं सीलंट तडकतं, थेंब आत शिरतो, आतलं लाकूड कुजतं आणि फायबरग्लासची भिंत रुसल्यासारखी गाल फुगवून बसते. म्हणून अभ्यासू माणूस आधी कोपरे मागतो. मी तीन आठवडे अभ्यास केला होता. मी कोपरा मागितला. विकणाऱ्यानं दहावा सूर्यास्त पाठवला.

त्याचं सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर असे, ‘एकदम ओके.’ टायर? एकदम ओके. मी टायरच्या कडेवरच्या कोडचा फोटो मागितला. कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायरचा जन्मदाखला : आधी आठवडा, मग वर्ष. आकडे आले २३१४. म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. ‘नक्षी बघा ना, जराही झिजलेली नाही!’ खरं होतं ते. जागेवर उभ्या उभ्या म्हातारा झालेला टायर झिजत नाही, थेट फुटतो.

सतरा अक्षरी व्हीआयएन नंबरात, म्हणजे वाहनाच्या ओळख क्रमांकात, त्यानं ‘ओ’ लिहिला होता. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, हे मी चोर पकडल्याच्या आवेशात कळवलं. ‘मग शून्य असेल,’ तो म्हणाला. शून्यच होतं. कागदावर कर्जाचा बोजा नाही ना, तेवढं मात्र मी नीट तपासलं आणि त्या एका हुशारीवर पुढचे सगळे मूर्खपणे खपवले.

उदाहरणार्थ, तिथलाच एखादा तपासनीस पाठवायचा असतो. तो ओलावा मोजायचं यंत्र भिंतीला लावतो. पण त्याची फी ऐकून मी म्हटलं, व्हिडिओ कॉल आहे की! कॉलवर गड्यानं फ्रिज उघडला, आतला दिवा लागला. ‘बघा, चालतोय.’ गॅसवरही चालणारा तो फ्रिज गार व्हायला तासन्‌तास लागतात, पण दिवा लगेच लागतो. मग कॅमेरा पलंगाकडे वळला, वर जाऊ लागला, आणि नेमकी रेंज गेली. बायको माझ्या खांद्यावरून बघत होती. पुन्हा फोन लागल्यावर तिनं विचारलं, ‘तो टब कशाला आहे हो?’

‘तो फुकट, ताई,’ तो म्हणाला. ‘ट्रेलरबरोबरच.’

ताई खूश झाल्या.

आम्ही १,४०० किलोमीटर गेलो. इथं एक सांगायला हवं : एवढं अंतर कापून गेलेला माणूस ट्रेलर तपासत नाही, तो स्वतःच्या प्रवासाची बाजू मांडत असतो. कोपऱ्यात तपकिरी डाग होता, साधारण नकाशातल्या बेटाएवढा. मी अंगठ्यानं दाबलं. अंगठा जरा जास्तच प्रेमानं आत गेला. ‘ओल असते थोडी,’ असं कोणीतरी बोललं. तो आवाज माझा होता.

पैसे दिले. मग कळलं, माझ्या गाडीच्या हिचवरचा, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या दांड्यावरचा, बॉल दोन इंची आणि त्यावर बसणाऱ्या ट्रेलरच्या कप्लरला लागतो २ पूर्णांक ५/१६ इंची. फरक पाव इंचाहून थोडा जास्त, पण त्यासाठी आणि चार नव्या टायरांसाठी अख्खा दिवस गेला. परतीला बायकोनं सगळं सामान मागच्या कपाटांत रचलं. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढे हिचवर यावा लागतो. मागे जड झाला की तो शेपूट हलवू लागतो, आणि पुढची गाडी त्याच्या तालावर. पहिल्या उतारावर दोघांनी एकमेकांशी काहीही न बोलता गाडी कडेला घेतली आणि भांडीकुंडी पुढे आणली. टब जागा खात होता, म्हणून मी तो गाडीच्या डिकीत टाकला.

मुक्कामाची पहिली रात्र. पलंगावर गादी सरकवताना खालच्या प्लायवर एक गोल पांढुरकी खूण दिसली. बरोबर टबाच्या बुडाएवढी. मी गादी पूर्ववत केली.

दोनच्या सुमारास पाऊस आला. आधी छतावर, मग माझ्या कपाळावर. टप्‌.

अंधारातच बायको म्हणाली, ‘अहो, तो फुकटचा टब कुठे ठेवलाय?’