झांस्कर राफ्टिंग मोहीम: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

लेहहून परत आल्यावर तुमचा अभिप्राय वाचला. ज्यांनी तो वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऑगस्टमधल्या आमच्या लडाखमधल्या पदुम ते निम्मू राफ्टिंग मोहिमेला तुम्ही शाळेपासूनच्या मित्राला घेऊन आलात. अख्खी झांस्कर नदी एकाच राफ्टमध्ये बसून उतरायची असं दोघांचं ठरलं होतं. आम्ही आधी एक पूर्ण दिवस तुम्हाला तंबूत बसवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी नेराकजवळच्या अरुंद घळीत तुमच्या मित्राला उतरवून खडकांवरून चालायला लावलं. वर सगळ्यांसमोर आवाजही चढवला. हे सगळं घडलं आहे. आवाज चढवणारा मीच. त्या दिवशी सामानाच्या राफ्टची वल्ही माझ्याकडे होती.

आधी त्या रिकाम्या दिवसाबद्दल. आदल्या संध्याकाळी आमच्या झांस्करी गाईडने पाण्याच्या अगदी कडेला एक दगड ठेवलेला तुम्हाला आठवत असेल, तुम्ही त्याचा फोटोही काढला होता. सकाळी तो दगड हातभर पाण्याखाली होता. राखाडी पाणी चॉकलेटी झालं होतं आणि त्यातून झुडपं वाहत येत होती, म्हणजे वरच्या अंगाला पाऊस झाला होता. उन्हाने बर्फ वितळून पाणी चढतं ते आम्ही रोजच धरून चालतो. त्याचं चढणं-उतरणं बरंचसं ठरलेलं असतं. पावसाचं पाणी किती येईल आणि कधी ओसरेल, हे काठावर उभं राहून कोणालाच सांगता येत नाही. पुढे दोन्ही बाजूंना सरळ कडे आहेत. एरवी कड्यांच्या आडोशाला संथ पाण्याचे छोटे कोपरे मिळतात, तिथे राफ्ट लावून दम घेता येतो, पडलेल्या माणसाला बाहेर काढता येतं. पाणी चढलं की हे कोपरेच बुडतात. तुम्ही विचारलंय की आता निम्मू-पदुम रस्ता झालाय, मग एवढी भीती कशाची? रस्त्यामुळे खूप फरक पडला, हे खरं. पण माणूस पाण्यात पडला तर त्याच्यापर्यंत पहिल्या मिनिटात दोर पोहोचावा लागतो, आणि गाडी कितीही जवळ असली तरी ते काम तिच्याकडून होत नाही. असं पाणी पुन्हा आलं तर मी पुन्हा थांबेन. त्या दिवसाचे पैसे परत देणार नाही.

मात्र आमच्या संकेतस्थळावर ‘सात दिवस राफ्टिंग’ असं लिहिलं होतं. त्यातला एक दिवस पाण्यासाठी राखीव असतो, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ती चूक आमची. मजकूर आता बदलला आहे.

आता तुमच्या मित्राबद्दल. त्यांच्याशी परवा फोनवर बोललो आणि त्यांची परवानगी घेऊनच लिहितोय. त्या सकाळी ते राफ्टमधून पडले आणि सेफ्टी कयाक (बचावासाठी सोबत असलेली छोटी होडी) त्यांच्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्या गार पाण्यात होते. तुम्ही लिहिलंय, ‘थोडा कुडकुडत होता, बाकी ठणठणीत.’ तासाभराने आम्ही पुढचा रॅपिड, म्हणजे खळाळत्या पाण्याचा टप्पा, बघायला काठाला लागलो तेव्हा मी त्यांच्या समोर उभा होतो. चहाचा मग दोन्ही हातांनी धरूनही चहा सांडत होता. लाईफ जॅकेटचं बक्कल त्यांना तीनदा प्रयत्न करूनही लागेना, शेवटी मी लावून दिलं. थंडी आधी बोटांत शिरते सर. बोटं आखडलेल्या माणसाकडे थ्रो बॅग, म्हणजे बचावाच्या दोराची पिशवी, अगदी अचूक फेकली तरी त्याला दोर धरता येत नाही. पुढे नदी दोन कड्यांमध्ये चिंचोळी होऊन एका बाजूच्या खडकावर आदळत होती. तिथे दोर धरू न शकणाऱ्या माणसाला पाण्यात उतरवणं माझ्या हातून होणार नव्हतं. ते ‘मी ठीक आहे’ म्हणत होते, तुम्हीही त्यांची बाजू घेऊन वाद घालत होता, आणि पाणी चढायच्या आत पलीकडे निघायचं होतं. म्हणून माझा आवाज चढला. त्याबद्दल माफी मागतो. निर्णयाबद्दल मागणार नाही.

तुमच्या अभिप्रायात नसलेली एक गोष्ट मला सांगायलाच हवी. परत आल्यावर सामानाची वही तपासली. तुमच्या मित्राच्या मापाचा वेटसूट (गार पाण्यात घालायचा रबरी पोशाख) शिल्लक नव्हता, म्हणून त्यांना एक माप मोठा दिला गेला होता. वेटसूट अंगाला घट्ट बसला तर आत शिरलेलं थोडं पाणी शरीराच्या उबेने तापतं आणि तिथेच राहतं. सैल असला तर हालचालीगणिक ते बाहेर जातं आणि नवं गार पाणी आत येतं. म्हणजे ते इतके गारठले त्यात आमचा हात आहे. पदुमला निघायच्या आधीच हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्यांच्या शुल्कातली निम्मी रक्कम परत करतोय. यापुढे प्रत्येकाचा सूट घालून झाल्यावर मी स्वतः मनगटं आणि मान तपासल्याशिवाय राफ्ट पाण्यात जाणार नाही.

आणि एक राहिलं. तुमच्या मित्राला उतरवलं तेव्हा तुम्हाला त्यांच्याबरोबर चालत जायचंय का, हे मी विचारलं नाही. तुमची जागा राफ्टमध्ये पुढे होती, पॅडल मारणारी माणसं मोजून होती, आणि मी तेवढाच विचार केला. तुमचा अभिप्राय दोनदा वाचल्यावर कळलं की तुमचा राग मुख्यतः याचाच आहे. तुम्ही विचारलं असतं तर एका गाईडला पुढे बसवून तुम्हाला सोडता आलं असतं. फोनवर तुमचे मित्र म्हणाले, की वरच्या खडकावरून त्यांना तुमची राफ्ट त्या लाटेत पूर्ण दिसेनाशी झालेली आणि पुन्हा वर आलेली दिसली. तुमच्या नावाने ते ओरडत होते, पण त्या आवाजात खाली काही ऐकू येणं शक्य नव्हतं. सोबत चाललेल्या आमच्या मुलाने तिथून व्हिडिओ काढलाय. रक्कम परत केल्याच्या ईमेलबरोबर तोही तुम्हा दोघांना पाठवतो.

मोहीम प्रमुख व संचालक, पुणे